मुलींचा लिलाव म्हणजे काय?

  

आजचं बोलणं एका भांडणातून निघालंय. दिवाळीच्या आधी आम्ही बातम्यांत सांगितलं होतं, की दिल्लीत हॉकी खेळणाऱ्या मुलींचा लिलाव झाला आणि एका मुलीवर ३२ लाखांची बोली लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी काठी टेकत थेट आपल्या रेडिओच्या खोलीत आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "लिलाव जनावरांचा होतो, कांद्याचा होतो, जप्तीतल्या भांड्यांचा होतो. पोरींचा लिलाव कसला सांगताय गं? आणि ते पण हसत हसत?" आम्ही त्यांना चहा दिला, समजूत घातली. पण खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्याजणींनाच ते नीट ठाऊक नव्हतं. बातमी आली, वाचून टाकली, असं झालेलं. मग आम्ही माहिती काढली आणि जानेवारीत दूरदर्शनवर मुलींचे सामने पाहिले. तेवढ्यात गटातल्याच एका घरी हा विषय वेगळ्या वाटेनं येऊन ठेपला. ते पुढं सांगतोच. आधी आजींचा प्रश्न.

हॉकी म्हणजे काठीचा खेळ, हे आपल्याला माहीत आहे. मैदानात एका बाजूला ११ जणी, त्यातली एक गोलकीपर. १५ मिनिटांचा एक डाव, असे चार डाव. देशादेशांचे संघ एकमेकांशी खेळतात ती देशाची हॉकी. आता जी सुरू झालीय ती लीग, म्हणजे धंद्याची हॉकी म्हणा. हॉकी इंडिया लीग असं तिचं नाव. मोठ्या कंपन्या, कुठं राज्य सरकार, असे मालक संघ काढतात, खेळाडूंना पैसे देऊन हंगामापुरतं बांधून घेतात. मुलांची अशी लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७ पर्यंत चालली आणि मग बंद पडली. मुलींची तेव्हा नव्हतीच. आता मुलांची पुन्हा सुरू झाली आणि तिच्याबरोबर मुलींची पहिल्यांदा. म्हणजे मुलं २०१३ ला खेळायला लागली आणि मुलींची पाळी आली २०२५ च्या जानेवारीत. बारा वर्षं! आपल्याला काही नवल वाटलं नाही. गड्यांची पंगत आधी बसते, मग आपली.

लिलाव होतो तो खेळाडूच्या एका हंगामाच्या खेळाचा, माणसाचा नाही. मुलगी स्वतः अर्ज भरते. अर्जात आपली कमीत कमी किंमत सांगते: २ लाख, ५ लाख किंवा १० लाख, अशा तीन पायऱ्या ठेवल्या होत्या. तिला कुणी बोली लावलीच नाही तर ती घरी. दोन संघांना ती हवी असली की आकडा चढत जातो. २०२४ च्या १५ ऑक्टोबरला दिल्लीत मुलींचा लिलाव झाला, त्यात हरियाणाच्या उदिता दुहानसाठी बंगालच्या संघानं ३२ लाखांची बोली लावली. सगळ्यांत मोठी तीच. नेदरलँड्सची यिब्बी यान्सन, जिनं पॅरिस ऑलिंपिकला सोन्याचं पदक घेतलं, ती ओडिशाच्या संघात २९ लाखांना आली. आणि ओडिशातल्याच सुंदरगड जिल्ह्यातली सुनेलिता टोप्पो, वय १७, तिला दिल्लीच्या संघानं २४ लाखांना घेतलं.

हे आम्ही आजींना सांगितलं, तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सालगडी ठेवतात तसं. पण मग त्याला लिलाव कशाला म्हणायचं?" बरोबर आहे आजी. शब्द ओंगळच आहे. बाईचं नाव आणि लिलाव हा शब्द शेजारी शेजारी आला की आपल्या अंगावर काटा येतो, त्याला कारणं आहेत. मुलांच्या खेळातही हाच शब्द वापरतात, एवढंच त्यातल्या त्यात. पण आम्ही आता बातम्यांत 'बोली लागली' असं म्हणणार आहोत. तो आजींचा विजय.

आता पैशांचं बोलू, कारण तिथं खरी गोम आहे. मुलींच्या प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला २ कोटी रुपयांची मर्यादा होती. मुलांच्या संघाला ४ कोटी. दोन्हीकडं खेळाडू २४ च. हिशोब केला तर मुलीच्या वाट्याला सरासरी सव्वाआठ लाखांच्या आसपास आणि मुलाच्या वाट्याला साडेसोळाच्या वर. मुलांमध्ये सगळ्यांत मोठी बोली लागली ती आपल्या भारताचा कप्तान हरमनप्रीत सिंगची, ७८ लाख. मुलींमध्ये ३२. शिवाय मुलांचे संघ आठ आणि मुलींचे चारच. खरं तर मुलींचे सहा काढायचे ठरलं होतं, पण पहिल्या वर्षी चारच उभे राहिले.

हे ऐकून आमच्या बैठकीत एकच हशा. एक ताई म्हणाली, "म्हणजे तिथंपण खुरपणीचाच दर!" तुम्हाला माहीत आहे कशाचा हशा. वाफा तोच, ऊन तेच, निघायची वेळ तीच, आणि संध्याकाळी पैसे मोजताना बाईच्या हातावर कमी नोटा. मुकादम म्हणतो, गडी ओझं उचलतो. बरं, हॉकीच्या मैदानात मुली काय कमी अंतर पळतात? मैदान तेवढंच, वेळ तेवढीच, गोलची चौकट तेवढीच. लोक म्हणतील, मुलांच्या सामन्याला जाहिराती जास्त मिळतात. मिळत असतील. बारा वर्षं आधी दुकान मांडलं तर गिऱ्हाईक जास्त असणारच.

तरीपण आमच्यातल्या काहीजणींचं म्हणणं वेगळं पडलं आणि ते आम्हाला सांगितलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, निम्मे का होईना, पण हे पैसे मुलीच्या नावानं येतात, तिच्या खेळाचे. मुलगी खेळते म्हणजे घरचं कुणीतरी तिचा खर्च सोसतं, असंच आजवर चालत आलं. आता पहिल्यांदा उलटं होतंय. निम्म्याबद्दल भांडायचं, पण भांडायला मैदानात आधी असावं लागतं. यावर आमचं एकमत झालं नाही. तुमच्या गटात बोलून बघा.

आता रांचीला जाऊ. झारखंडची राजधानी. मुलींचे सगळे सामने तिथंच झाले, १२ जानेवारीपासून. त्या मैदानाला मरंग गोमके जयपाल सिंह यांचं नाव आहे. मरंग गोमके म्हणजे मुंडारी भाषेत थोर पुढारी. जयपाल सिंह मुंडा हे आदिवासी घरातले. १९२८ साली भारतानं हॉकीत ऑलिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचे ते कप्तान होते, आणि पुढं घटना समितीत बसून त्यांनी आदिवासींची बाजू मांडली. त्या भागात, म्हणजे झारखंडचं सिमडेगा, खुंटी आणि पलीकडं ओडिशाचं सुंदरगड, गावोगाव हॉकी खेळतात. बक्षीस काय असतं ठाऊक आहे? बोकड. जिंकलेला संघ बोकड घेऊन घरी येतो आणि सगळी वस्ती जेवते. सलीमा टेटे ही आपल्या भारताच्या मुलींची कप्तान याच सिमडेगातल्या बडकीछापर गावची. आपल्याकडं कुस्तीच्या जत्रेला जे महत्त्व, ते तिकडं हॉकीला.

पण त्याच रांचीच्या मैदानावर बरोब्बर वर्षभर आधी रडण्याची पाळी आली होती. २०२४ च्या जानेवारीची गोष्ट. पॅरिस ऑलिंपिकला जाण्यासाठी शेवटची संधी होती. १९ तारखेला जपानशी सामना, जिंकलं तर तिकीट. आपल्या मुली ०-१ नं हरल्या. एका गोलनं. टोकियोला आपला संघ चौथा आला होता, ब्राँझचं पदक थोडक्यात हुकलं, सगळा देश बघत होता. आणि पॅरिसला ती मुलं गेली, पदक घेऊन आली, मुली घरी बसल्या. पुढच्याच महिन्यात संघाच्या प्रशिक्षक यानेके शोपमन बाईंनी राजीनामा दिला. त्या नेदरलँड्सच्या. जाताना त्यांनी उघड सांगितलं, की बाई म्हणून इथं काम करणं फार अवघड गेलं, आपल्याला किंमत मिळाली नाही. अंगणवाडीत, सोसायटीत, पंचायतीत काम केलेल्या आपल्या बायांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

तर संघ असा पडला. आता पडलेलं घर उभं करायचं म्हणजे दोन रीती असतात. एक, होत्या त्याच भिंतींना पुन्हा पुन्हा लिंपायचं. जुन्या खेळाडूंवर भरवसा ठेवायचा, नव्या पोरींना म्हणायचं, अजून शिका, बाहेर बसा, बघा. दुसरी रीत नव्या पोरींना आत घ्यायची. त्यात धोका असतो. त्या चुकतात, सामने जातात, लोक नावं ठेवतात. २०२४ मध्ये भारताच्या संघानं दुसरी रीत बऱ्यापैकी धरली. सलीमाला कप्तान केलं. सुनेलितासारख्या कोवळ्या मुली घेतल्या. मधे हारही बरीच झाली. पण नोव्हेंबरमध्ये बिहारात राजगीरला आशियातल्या देशांची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात दीपिकाच्या गोलवर आपण चीनला १-० नं हरवलं. ऑलिंपिकचं रुपेरी पदक घेतलेल्या चीनला.

आणि लीगनं हीच गोष्ट नियमातच लिहून टाकली. आम्हाला सगळ्यांत जास्त आवडलं ते हे. पहिल्या वर्षी २४ जणींच्या संघात आठ परदेशी खेळाडू घेता येत होत्या. उरलेल्या सोळा भारतीय आणि त्या सोळांत चार तरी ज्युनिअर, म्हणजे लहान गटातल्या मुली असायलाच हव्या होत्या. मालकाला वाटो न वाटो. चार संघ, म्हणजे सोळा कोवळ्या मुलींची जागा पक्की. तुम्ही म्हणाल, हे राखीव जागेसारखं झालं. झालं की! पंचायतीत राखीव जागा झाली नसती तर आपल्यातल्या किती जणी त्या खुर्चीवर बसल्या असत्या? आधी लोक म्हणाले, सरपंच नवरा आहे, बाई नुसती सही करते. होतीच काही ठिकाणी तशी गत. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाई फाइल वाचायला लागली, तेव्हा बोलणारे गप्प झाले.

हॉकीत आणखी एक सोय आहे, ती नव्या मुलीसाठी फार कामाची. या खेळात खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. क्रिकेटमध्ये अकरातली आत, उरलेली पाणी घेऊन पळते. हॉकीत मुलगी पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळते, बाहेर येते, पाणी पिते, प्रशिक्षक कानात दोन शब्द सांगतात, पुन्हा आत. त्यामुळं नव्या पोरीला सगळा सामना खांद्यावर घ्यावा लागत नाही. तिला पाच मिनिटं द्यायची. मग आणखी पाच. चुकली तर बाहेर बोलावून सांगायचं आणि लगेच पुन्हा पाठवायचं. पुन्हा पाठवायचं, हे महत्त्वाचं. आपण काय करतो? नव्या सुनेला गटाची वही लिहायला दिली, एका पानावर खाडाखोड झाली, की वही काढून घेतो, आणि पुढची पाच वर्षं म्हणत राहतो की तिला काही येत नाही.

शिवाय शेजारी कोण खेळतंय बघा. ऑलिंपिकचं सोनं घेतलेली बाई त्याच खोलीत बूट बांधतेय, त्याच ताटात जेवतेय. सिमडेगाची मुलगी आणि ॲमस्टरडॅमची मुलगी एका बाजूनं खेळतात. भाषा येत नाही, पण चेंडू कुठं द्यायचा ते हातानं दाखवता येतं. पूर्वी या परदेशी मुली समोरच्या संघात दिसायच्या आणि त्यांची धास्तीच वाटायची. बरोबर राहिलं की धास्ती जाते. त्यांनाही दम लागतो, त्यांचाही फटका चुकतो, घरची आठवण त्यांनाही येते, हे दिसतं.

चार संघ असे होते: ओडिशा वॉरियर्स, दिल्लीचा एस. जी. पायपर्स, बंगालचा श्राची राढ बंगाल टायगर्स आणि पंजाब-हरियाणाकडचा जे. एस. डब्ल्यू. सूरमा. चौघांनी एकमेकांशी दोन-दोनदा खेळायचं, वरचे दोन अंतिम सामन्यात. सगळे मिळून तेरा सामने, दोन आठवड्यांत संपले. अंतिम सामना २६ जानेवारीला, ओडिशा आणि सूरमा. आणि ओडिशाच्या प्रशिक्षक कोण? त्याच शोपमन बाई. राजीनामा देऊन गेलेल्या, वर्षानं त्याच देशात, त्याच मैदानावर परत आलेल्या.

तो सामना आम्ही रेडिओच्या खोलीत पाहिला नाही. पाहिला तो आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी. आता त्या घराचं सांगतो, नाव न घेता.

ताईची मुलगी १७ वर्षांची. चार वर्षांपासून खेळाच्या वसतिगृहात राहून शिकते, हॉकी खेळते. डिसेंबरात तिचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली, म्हणून ती संक्रांतीच्या आधी घरी आली. पायाला पट्टा, बाजेवर बसून अभ्यास. घरात मुलगी बसलेली दिसली की पाहुण्यांना काय सुचतं ते तुम्हाला माहीत आहे. तिळगूळ द्यायला आलेल्या नात्यातल्या एकांनी स्थळच आणलं. मुलगा नोकरीला, घर पक्कं, चार एकर बागायत. "आत्ता नुसतं ठरवून ठेवू, लग्न अठरा झाल्यावर." मुलगी काहीच बोलली नाही. तिचे वडील मात्र आमच्यापुढं सरळ बोलले, आणि त्यांचं बोलणं वेडंवाकडं नव्हतं. म्हणाले, "चार वर्षं सोडलं ना मी तिला? अडवलं का? आज घोटा गेलाय. उद्या गुडघा गेला तर? तेव्हा तिला नोकरी कोण देणार आणि स्थळ कोण आणणार? तुमच्या त्या बत्तीस लाखवाल्या किती असतात, ते सांगा."

आम्ही गप्प. मग घरी येऊन हिशोब मांडला. चार संघ, प्रत्येकी सोळा भारतीय मुली, म्हणजे सगळ्या देशात मिळून ६४ जागा. एवढ्या मोठ्या देशात चौसष्ट. त्यातल्या बऱ्याच जणींना मिळतात ते २ किंवा ५ लाख, तेही हंगामाचे. तेव्हा मैत्रिणींनो, कुणी तुम्हाला सांगितलं की मुलगी हॉकीला घाला, लाखो मिळतील, तर विश्वास ठेवू नका. आम्ही रेडिओवर ३२ लाख हा आकडा सांगितला आणि ६४ हा आकडा सांगितला नाही. चूक आमची.

पण दुसरीही बाजू शोधली. हॉकी खेळणाऱ्या कितीतरी मुली रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरीला आहेत, भारताच्या संघातल्याही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्याला ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं पदक किंवा सहभाग लागतो, आणि प्रमाणपत्र तपासून घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक स्पर्धेचा कागद जपून ठेवायचा, पत्र्याच्या पेटीत, उंदीर लागणार नाही असा. हे आम्ही त्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

तर २६ जानेवारीला सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि सामन्याच्या वेळी आम्ही आठ-नऊजणी त्या घरी जमलो. भांडखोर आजीही आल्या. मुलीचे वडील दाराशी पोत्यावर बसून, आपण बघतच नाही असं दाखवत. मुलगी आम्हाला समजावून सांगत होती, ही पुढची फळी, ही मधली, हा पेनल्टी कॉर्नर, इथून उडवतात. चार वर्षं घरात तिचा खेळ कुणी असा समजून घेतला नव्हता, हे तिच्या आईनं आम्हाला नंतर सांगितलं.

दुसऱ्या डावात ओडिशाचा पहिला गोल झाला. आणि गोल करणारीचं नाव पडद्यावर आलं: ऋतुजा दादासो पिसाळ. दादासो! हे नाव वाचल्यावर आपल्या भागातल्या बाईला जिल्हा विचारावा लागत नाही. आजी म्हणाल्या, "ही आपल्याकडची हाय?" आपल्याकडचीच, आजी. सातारा जिल्ह्यातली. ज्युनिअर संघातून वर आलेली, २०२३ च्या ज्युनिअर विश्वचषकात खेळलेली. तिच्याच जिल्ह्यातली, फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताकडून आशियाई स्पर्धेत खेळून ब्राँझ घेऊन आली आहे. दुष्काळी पट्टा म्हणून ज्याची ओळख, त्या भागात.

पुढं सूरमाच्या पेनी स्क्विबनं गोल परत केला. एकास एक. तिसरा डाव तसाच गेला. चौथ्या डावात सगळ्या घायकुतीला आल्या होत्या. घड्याळ उतरत होतं, बरोबरी राहणार असं वाटत होतं. सामना संपायला चार मिनिटं राहिली असताना पुन्हा ऋतुजा. दुसरा गोल. वडील दारातून उठून कधी आत आले ते त्यांनाही कळलं नसावं. ओडिशा जिंकलं, २-१. नेदरलँड्सची पदकवाली संघात होती, भारताच्या नावाजलेल्या होत्या, आणि अंतिम सामन्यातले दोन्ही गोल सातारच्या पोरीचे. दीड कोटीचं बक्षीस संघाला मिळालं. मुलांच्या विजेत्याला किती, ते आता तुम्हीच सांगा. बरोबर, दुप्पट.

सामना झाल्यावर आम्ही लगेच उठलो नाही. मुलीनं एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला ठाऊक नव्हती. सूरमा संघाला मार्गदर्शन करायला जी राणी रामपाल होती, भारताची जुनी कप्तान, तिची. राणीचे वडील हरियाणात शाहाबादला हातगाडी ओढायचे. घरात घड्याळ नव्हतं. पहाटे सरावाला वेळेवर उठवायचं म्हणून आई आभाळाकडं बघत जागी राहायची. प्रशिक्षकांनी सांगितलेलं, प्रत्येक मुलीनं अर्धा लिटर दूध आणायचं. घरात दोनशे मिली परवडायचं. राणी त्यात पाणी घालून न्यायची. ती पुढं पंधरा वर्षांची असताना देशाकडून विश्वचषक खेळली. मुलगी हे सांगत होती तेव्हा तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. आमच्या मनात आलं, आभाळाकडं बघत जागी राहिलेल्या त्या आईला कुठल्या लिलावात किती बोली लागली असती?

मग वडिलांनी मुलीला विचारलं, आमच्या सगळ्यांसमोर: "तुला काय वाटतं? तू त्या चौसष्टात येशील?" आम्हाला वाटलं, आता ही ठासून हो म्हणेल. ती म्हणाली, "माहीत नाही पप्पा. पण आमच्या वसतिगृहात मी आत्तापर्यंत राखीव खेळाडू होते. डिसेंबरात सरांनी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं, आणि तिसऱ्याच सामन्यात पाय गेला. मी अजून खेळलेच नाही नीट." एवढंच. आजी म्हणाल्या, "मग खेळून तरी ये बाई आधी."

त्या रात्री काही ठरलं नाही. ठरलं ते चार-पाच दिवसांनी, आणि अटींवर. वडिलांची अट: बारावीची परीक्षा चुकवायची नाही, आणि घोट्याचं डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. मुलीची अट: स्थळाचा विषय दोन वर्षं काढायचा नाही, ठरवून ठेवणंसुद्धा नाही. आईनं अट घातली नाही, पण गटातून कर्ज मागितलं, बुटांसाठी आणि घोट्याच्या पट्ट्यासाठी, ५ हजार. आमच्यातल्या दोघींनी आधी विरोध केला. खेळाला कर्ज देण्याची पद्धत नाही, शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो. फेडणार कशातून? ताई म्हणाली, "माझ्या खुरपणीतून. ती मोठी होईपर्यंत मीच फेडणार." मंजूर झालं. नोंद करायची वेळ आली तेव्हा वही त्याच नव्या सुनेपुढं सरकवली, जिच्याकडून मागं काढून घेतली होती. तिनं कर्जाचं कारण म्हणून काय लिहावं, असं विचारलं. कुणीतरी म्हटलं, 'शिक्षण' लिही, बरं दिसतं. तिनं 'हॉकी' लिहिलं.

गेल्या सोमवारी मुलगी परत गेली. पावणेसहाची एस. टी. होती, अजून अंधार होता. वडील काठीची पिशवी खांद्यावर घेऊन थांब्यापर्यंत आले. आजींनी शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते, स्टीलच्या डब्यात, वर चिठ्ठी: डबा परत आण.